विष निघाल्याची वही

बंद पडलेल्या कारखान्याच्या जेवणघरात त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. एके काळी आमचे बाप ज्या लांब बाकांवर डबे उघडून बसायचे, त्याच बाकांवर आता त्यांची मुलं बसली होती. कुणाची बोटं वाकडी झालेली, कुणाच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल चट्टे, कुणाला पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवता येत नव्हतं म्हणून शेजारीण फिरवून देत होती. बहुतेक तिशी-चाळिशीतली माणसं. आणि सगळ्यांचे डोळे समोरच्या लाकडी मंचावरच्या खुर्चीकडे लागलेले.

खुर्चीत एक शिंपीणबाई बसली होती. पाय पांढऱ्या टबात, कमरेपासून टबाच्या काठापर्यंत पांढरी चादर. मागे उभे राहून उपसेबाबा तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून पुटपुटत होते. उपसे हे त्यांचं आडनाव नव्हे. विहिरीतला गाळ उपसावा तसं हे माणसातलं विष उपसतात, म्हणून पडलेलं नाव. अंगात डॉक्टरसारखा कोट, चेहऱ्यावर कायम नुकतंच कुणालातरी माफ केल्याचा भाव. मला बाबा म्हणू नका, सेवक म्हणा, असं ते सांगायचे. सेवकाला बसायला मात्र गादीची खुर्ची लागायची.

दहा मिनिटांनी त्यांनी चादरीचा पुढचा काठ उचलला. मघाचं नितळ पाणी गढूळ तांबडं झालं होतं, वर पिवळट फेस आणि फेसात काळे कण.

"हे तांबडं रक्तातलं," बाबा म्हणाले. "हे काळं सांध्यांतलं. फेस दिसतोय तो यकृताचा. पस्तीस वर्षं दडून बसलं होतं. विष आणि पाहुणा, दोघंही जा म्हटल्याशिवाय जात नाहीत."

लोक हसले, शिंपीणबाई रडली. मी तिसऱ्या बाकावर मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसले होते आणि पिशवीचे बंद इतके घट्ट धरले होते की बोटांना वळ पडले. माझा नंबर अकरावा होता. तो येईपर्यंत मी इथं का आले होते ते सांगते.

मी धातूवर मुलामा चढवण्याचं काम करते. नळाच्या तोट्या, दारांच्या कड्या, सायकलीचे दांडे आमच्याकडे काळवंडलेले येतात आणि चकचकीत होऊन जातात. बावीस वर्षं हेच काम. वडील याच कारखान्यात होते, त्यांच्याकडूनच शिकले. मुलामा चढवायच्या आधी लोखंडावरचं सगळं तेल काढावं लागतं, नाहीतर चढवलेला थर पापुद्र्यासारखा सुटतो. ते तेल काढायला कारखान्यात एक रसायन यायचं, निळ्या लोखंडी पिंपांतून. त्याला गोडसर वास असायचा, म्हणून सगळे त्याला गोड पाणी म्हणायचे. एखाद्या गोष्टीला गोड म्हटलं की माणसाचा निम्मा सावधपणा तिथंच संपतो. कामगार हातावरचं वंगण गोड पाण्याने धुवायचे. आई वडिलांचे कामाचे कपडे गोड पाण्यात भिजवायची. आणि ज्याच्या घरी मूल जन्माला येई त्याला कारखान्याचे मालक, आमचे मोठे साहेब, त्यातलंच एक रिकामं पिंप भेट द्यायचे. झाकण कापलेलं, कडा ठोकून बोथट केलेल्या, बाळाच्या आंघोळीचं पाणी साठवायला. त्याला बाळाचं पिंप म्हणायचे. पिंप घरी आलं की बाळाचा बाप सगळ्या गल्लीला हाक मारून दाखवायचा, इतका त्याचा मान.

ही रीत मी पाच वर्षांची असताना सुरू झाली. म्हणजे मी पिंपाआधीची आणि माझी धाकटी बहीण पिंपानंतरची. आईने तिला दोन वर्षं त्या पिंपातल्या पाण्याने न्हाऊ घातलं. पोरीच्या केसांना काय छान वास येतो, असं शेजारणी म्हणायच्या. आई खूश व्हायची.

धाकटी घड्याळं दुरुस्त करते. म्हणजे करायची. एकतिसाव्या वर्षी तिच्या हातून चिमटा निसटायला लागला. थंडीत बोटं पांढरीफटक पडायची, सकाळी मूठ वळायची नाही, उन्हात गेलं की गालांवर चट्टे उठायचे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त, लघवी, सगळं तपासलं आणि समजावून सांगितलं. अंगात रोगजंतूंशी लढणारे पहारेकरी असतात. हिचे पहारेकरी घरच्यांनाच चोर समजून झोडपताहेत. आजार जन्माची सोबत करणार, पण गोळ्या नियमित घेतल्या तर ताब्यात राहील, आणि जपायला हवं ते किडन्यांना.

पिंपाची गोष्ट मीच त्यांना सांगितली. त्यांनी ती कागदावर उतरवून घेतली. मग म्हणाल्या की अशा रसायनांशी अगदी लहानपणी संबंध आला तर पुढे मोठेपणी असे आजार होण्याचा धोका वाढत असावा, असा संशय घ्यायला आधार आहे. पण पिंपानंतरची सगळीच मुलं आजारी नाहीत, आणि पिंप न बघितलेली माणसंही या आजाराने आजारी पडतात. "तुझ्या बहिणीला त्यानेच झालं, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. गल्लीतल्या सगळ्यांची नीट पाहणी झाली तर काहीतरी सांगता येईल." त्यावरूनच गल्लीने पाहणीसाठी सरकारकडे अर्ज केला.

डॉक्टरीणबाईंना जे छातीवर हात ठेवून सांगता आलं नाही, ते उपसेबाबांनी छाती ठोकून सांगितलं. अर्ज गेल्यावर तीन महिन्यांत ते आमच्या गल्लीत उगवले. त्यांना आणलं मोठ्या साहेबांच्या मुलाने. त्यालाही आम्ही साहेबच म्हणतो, सवय जात नाही. साहेबाने जेवणघर झाडून दिलं, बाकं पुसून दिली, शिबिर सगळ्यांना फुकट. वडिलांच्या कामगारांचं ऋण फेडतोय, असं तो म्हणाला. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू.

धाकटीला बाबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "बेटा, तुझा काही दोष नाही. पिंपातलं विष आहे हे. मी काढतो." सहा वर्षं लोक तिला म्हणत होते की फार विचार करतेस, वेळेवर जेवत नाहीस, लग्न केलं असतंस तर बरी झाली असतीस. आणि हा माणूस म्हणाला, तुझा दोष नाही. त्या एका वाक्यावर ती विकली गेली. आईचं तर काय सांगू. पिंपातलं पाणी तिने स्वतःच्या हाताने पोरीच्या डोक्यावर ओतलं होतं. विष निघतंय म्हटल्यावर तिच्या छातीवरचा दगडच हलला. फुकटातली फुकट माफी मिळत होती, ती कोण सोडेल.

बाबांची अट एकच होती. गोळ्या बंद. गोळ्या विषाला आत दाबून धरतात म्हणे.

चौथ्या वेळी मी सोबत गेले. आधी बाबांनी एका धडधाकट माणसाला बसवून दाखवलं, तेव्हा पाणी नितळच राहिलं. मग धाकटी बसली, बाबांनी मंतरलेली पूड टाकली, हात डोक्यावर ठेवले आणि पाणी तांबडं झालं. सगळे रंग बघत होते. मी फेस बघत होते. फेस टबाच्या एकाच बाजूने येत होता आणि तांबडा रंग दुसऱ्या बाजूने. आणि वास ओल्या गंजाचा. बावीस वर्षं मी त्या वासात उभी राहिले आहे. आमच्याकडे नव्या पोरीला पहिल्या दिवशी एकच धडा देतात. टाकीत दोन पत्रे सोडायचे, एकाला प्लस, दुसऱ्याला मायनस. प्लस झिजतो, मायनस फेसाळतो. विसरलात की माल वाया.

दुसऱ्या दिवशी कामावर एका बादलीत मीठ घातलं, लोखंडाच्या दोन पट्ट्या सोडल्या, बॅटरीच्या तारा जोडल्या. दहा मिनिटांत बादलीत रक्तातलं, सांध्यांतलं आणि यकृतातलं असं सगळं विष हजर. बादलीला यकृत असल्याचं मला तेव्हाच कळलं.

मी बादली घरी आणून धाकटीला दाखवली. ती म्हणाली, "तुझं पाणी वेगळं, त्यांचं वेगळं." मग म्हणाली, "तुला काय कळणार ताई. तू पिंपाआधीची."  शिवाय तिच्या हातात पुरावा होता. प्रत्येक वेळी पाण्याचा रंग फिका होत चालला होता. पूड म्हणजे मीठच, ती कमी टाकली की रंग फिका येतो, एवढं साधं. पण ते मला दिसत होतं आणि तिला बरं होणं दिसत होतं.

सातव्या वेळी पाणी जवळजवळ नितळ राहिलं. टाळ्या पडल्या. साहेबाने स्वतः उठून तिच्यापुढे एक जाडजूड वही धरली. ज्यांचं ज्यांचं विष निघालं त्यांनी त्यात सही करायची. प्रत्येक पानावर वर तेच वाक्य छापलेलं: कारखान्याने दिलेल्या पिंपांतील रसायनाचे माझ्या शरीरातील विष पूर्णपणे निघाले असून माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही. खाली नाव, जन्मवर्ष, सही. धाकटीने वाकड्या बोटांनी सही केली. अर्ज, पाहणी आणि तक्रार, तिन्ही गोष्टी साहेब कशा पुसून टाकत होता ते तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही.

पंधरा दिवसांनी तिचे घोटे सुजले. बोट दाबलं की खळगा पडायचा. सकाळी डोळे उघडायचे नाहीत इतका चेहरा फुगायचा. आई बाबांकडे धावली. बाबा म्हणाले, उरलंसुरलं विष पायांकडे उतरतंय, शुभ लक्षण आहे. तिच्या किडन्या बंद पडत होत्या आणि हा माणूस त्याला शुभ लक्षण म्हणत होता. हे वाक्य मी त्याच्याकडून व्याजासकट वसूल करायचं ठरवलं.

दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. तीन-चार दिवसांत औषध सुरू झालं तर किडन्यांचं निम्मं तरी काम वाचेल, नाहीतर आयुष्यभर मशीन. आणि धाकटी औषध घेईना. तोंड मिटून भिंतीकडे वळून पडली. बाबांनी सांगितलं तर घेईन, म्हणाली. शुद्धीवर असलेल्या मोठ्या माणसाला जबरदस्ती करता येत नाही, असं बाई मला बाहेर नेऊन म्हणाल्या. मी विचारलं, निदान अंगातलं ते जुनं विष काढायचं खरं औषध आहे का काही?

"विष आहे कुठे काढायला?" बाई म्हणाल्या. "ते रसायन अंगात पस्तीस वर्षं राहत नाही ग. पाहुणा केव्हाच गेला. जाताना घराची घडी विस्कटून गेला असेल, तर घडी नीट करावी लागते. पाहुण्याला शोधून काय उपयोग?"

शिबिराची शेवटची बैठक दुसऱ्याच सकाळी होती. मी तिथून निघाले ती थेट बूटवाल्याकडे गेले. आमच्याकडे एक बूटवाला आहे, वाकड्या किंवा दुखऱ्या पायांसाठी खास बूट बनवतो. त्यासाठी आधी पायांचे प्लास्टरचे साचे घेतो. एक जोडी त्याच्याकडे वर्षभर धूळ खात होती, कारण बूट तयार व्हायच्या आत गिऱ्हाईकच वारलं होतं. दहा नंबरचे मर्दानी पाय. कशाला हवेत, त्याने विचारलं. मी म्हटलं, यांच्या अंगातलं विष काढून आणते. तो हसला नाही. त्याची भाची पिंपानंतरची होती. साचे त्याने स्वतः पुसून पिशवीत घातले.

तर माझा अकरावा नंबर आला.

खरं लोकांसमोर यावं म्हणून मी त्या मंचावर चढले, असं लिहिलं तर शोभून दिसेल. पण तसं नव्हतं. मला तो माणूस भर सभेत उघडा पाडायचा होता. माझ्या बहिणीच्या सुजलेल्या पायांना त्याने जसं हसून शुभ लक्षण म्हटलं, तसं लोकांनी त्याला हसावं, एवढंच मला हवं होतं. पहिल्या बाकावर आई बसली होती. ती बाबांकडे धाकटीसाठी आठव्या वेळेची भीक मागायला आली होती. तिच्या शेजारी टेबल, टेबलामागे साहेब, टेबलावर वही.

विष निघताना बघू नये, असा बाबांचा नियम होता, म्हणून ती चादर. बायकांनी आपले पाय आपणच चादरीखाली बुडवायचे, कुणी हात लावायचा नाही. फार सभ्य शिबिर. चादर माझ्या मांडीवर पडली, बाबा लोकांकडे तोंड करून नेहमीचं प्रवचन झोडू लागले आणि मी चादरीखाली पिशवी उघडली. दोन्ही साचे टबात उभे केले. प्लास्टर जड, अलगद तळाला बसलं. माझे पाय मी खुर्चीच्या आडव्या दांडीवर दुमडून ठेवले.

बाबांनी पूड टाकली, मागे गेले, माझ्या डोक्यावर हात ठेवले. मला त्यांच्या बुटाची टाच खुर्चीमागच्या चटईवर दाबली गेल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला, टक. मग पुटपुटणं सुरू झालं.

"मुंग्या येताहेत का, बेटा?"

"हो बाबा, फार."

दहा मिनिटांनी त्यांनी चादरीचा काठ उचलला. पाणी शिंपीणबाईच्या पाण्यापेक्षा गडद तांबडं. मी आधीच पदरचं चिमूटभर मीठ जास्त टाकलं होतं, पाहुणचारात कसूर नको म्हणून. बाबांचा चेहरा उजळला. ते लोकांना म्हणाले की एवढं विष त्यांनी या शिबिरात पाहिलं नव्हतं. यकृत तर विचारू नका. डावा गुडघा पोखरलेला. बाई हट्टी दिसतात, वेळेत आल्या नाहीत.

"डावा गुडघा नक्की?" मी विचारलं.

"विष खोटं बोलत नाही."

मी उठले आणि मंचावरून चालत पुढे आले. पुढच्या बाकावरच्या कुणाच्या तरी आधी ध्यानात आलं. मी ओल्या पायांचे ठसे उमटवत यायला हवं होतं आणि लाकडावर एकही ठसा नव्हता. मी एक पाऊल उचलून तळवा लोकांना दाखवला. कोरडा ठणठणीत. मग मागे वळून टबात हात घातला आणि दहा नंबरचे ते दोन पाय बाहेर काढले. पांढऱ्या प्लास्टरवर घोट्याच्या वर तांबडी रेघ उमटली होती.

"यांचं यकृत बघता का, बाबा?" मी म्हणाले. "गुडघे मात्र यांना नाहीत."

आधी कुणी हसलं नाही. बाबा तर कसलेले खेळाडू. एक क्षण चाचरले आणि लगेच म्हणाले की हे साचे ज्या माणसाच्या पायाचे त्याचं विष प्लास्टरमध्ये उतरलं असणार, ते आज निघालं, उलट ही तर आणखी मोठी प्रचिती. आणि खरं सांगते, तीन-चार बाकांवरच्या माना डोलल्या.  माणसाला बरं व्हायचं असतं तेव्हा तो प्लास्टरलाही यकृत देतो.

तेवढ्यात मागच्या बाकावरून टाकीवाले काका उठले. वडिलांचे सोबती, चाळीस वर्षं मुलाम्याच्या टाक्यांवर काढलेली, मुलगा पिंपानंतरचा. स्वतःही तीनदा या टबात पाय घालून बसलेले. काठी टेकत ते मंचावर आले, टबात कोपरापर्यंत हात घातला आणि तळाची पाय ठेवायची लाकडी फळी उपसून काढली. फळीच्या खालच्या बाजूला दोन लोखंडी पत्रे ठोकलेले होते. एक फेसाने माखलेला, धड. दुसरा कडेने कुरतडलेला, भोकं पडलेला. काकांनी त्याच्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. नखाखाली तांबडा चिखल आला. बराच वेळ ते त्या नखाकडे बघत राहिले.

"प्लस झिजतो," ते म्हणाले.

पुढचं अर्ध्या जेवणघराने एकदमच म्हटलं, अगदी हळू आवाजात, पाठ केलेला धडा म्हणावा तसं. मायनस फेसाळतो. तिथं बसलेल्यांपैकी निम्म्यांनी हे पत्रे आयुष्यभर हाताळले होते. कामावर ते कुणाच्या बापाला फसले नसते. पण इथं ते कामगार म्हणून आलेच नव्हते, रोगी म्हणून आले होते, आणि आपली विद्या जेवणघराच्या दाराबाहेर चपलांसोबत काढून ठेवून आले होते. बाबांची सगळी भिस्त तेवढ्यावरच होती.

मी चटई उचलली. खाली बटण, बटणातून तार, तार मंचाच्या पोकळीतल्या बॅटरीला, आणि तिथून चादरीआडून टबातल्या पत्र्यांना. धडधाकट माणूस बसला की टाच वर. आजारी बसला की टाच खाली. एवढी त्या महापुरुषाची साधना.

मग मात्र लोक हसले. ते हसणं चांगलं नव्हतं. शिंपीणबाई मंचावर आली आणि तिने तो टब बाबांच्या कोटावर ओतला. "घ्या, माझं रक्त," ती म्हणाली. बाबा दाराकडे निघाले तर दारात बूटवाला हात बांधून उभा होता, पोलीस येईपर्यंत हलला नाही. ओल्या कोटात ते कोपऱ्यात बसून राहिले, तांबडे, ठिबकत. मला त्यांची दया आली असं लिहिलं तर छान दिसेल. आली नाही. मी त्यांच्यासमोर बाक ओढून बसले आणि डोळे भरून बघून घेतलं.

या गोंधळात साहेब उठला आणि वही उचलायला गेला. वहीवर आईचा हात होता. ती कधी उठून टेबलापाशी आली ते मलाही दिसलं नव्हतं.

"आई, वही आमची आहे," साहेब म्हणाला.

"सही माझ्या पोरीची आहे," आई म्हणाली आणि वही पोटाशी धरून चालू लागली. तिच्या मागे गल्ली चालू लागली. साहेबाने आजूबाजूला बघितलं आणि हात खिशात घातला.

दुपारी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. आईने पिशवीतून एक प्लास्टरचा पाय काढून धाकटीच्या खाटेवर ठेवला. काय झालं ते सांगायला मी तोंड उघडलं, पण आईनेच सांगितलं, सगळं, टाचेपासून टबापर्यंत. धाकटी ऐकत नव्हती असं वाटत होतं. ती त्या पायावरची तांबडी रेघ बघत होती. मग तिने चादर बाजूला केली. तिच्या सुजलेल्या घोट्यावर तशीच फिकट रेघ होती, सात वेळांची, घासूनही न गेलेली. तिने एकदा आपल्या घोट्याकडे बघितलं, एकदा प्लास्टरच्या पायाकडे.

"म्हणजे माझ्यातून काहीच निघालं नाही," ती म्हणाली.

"निघण्यासारखं काही नव्हतंच," मी म्हटलं.

ती आईकडे वळली. आई तिची नजर चुकवत होती. धाकटी म्हणाली, "आई, तुला तरी कुठे माहीत होतं? पिंप त्यांनी दिलं होतं." मग तिने माझ्यापुढे हात केला. "गोळी दे."

बाबाने विकलेली माफी खोटी होती. खरी द्यायला ती आजारी पोर पुरली.

पाहणीच्या अर्जाची सुनावणी सहा महिन्यांनी झाली. साहेबाचा वकील मोठा तरबेज. असली पिंपं कारखान्याने कुणाला दिल्याचा कागद नाही, त्यांत रसायन उरलं होतं याचा पुरावा नाही, गल्लीतली माणसं उगाच घाबरली आहेत, असं त्याने तासभर सांगितलं. तो बसल्यावर डॉक्टरीणबाईंनी आईने जपलेली वही अधिकाऱ्यांपुढे ठेवली. अधिकाऱ्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानावरचं छापील वाक्य मोठ्याने वाचलं. कारखान्याने दिलेल्या पिंपांतील रसायनाचे माझ्या शरीरातील विष पूर्णपणे निघाले. त्यांनी साहेबाला विचारलं, हे तुम्हीच छापून घेतलं? साहेब हो म्हणाला, नाही म्हणायची सोय नव्हती, खाली छापखान्याच्या आणि त्याच्या नावाचा शिक्का होता.

"निघालं," अधिकारी म्हणाले. "म्हणजे होतं."

वकिलाने पाणी मागितलं. आमचं तोंड बंद करायला त्यांनी एकशे त्रेचाळीस सह्या घेतल्या होत्या आणि प्रत्येक सहीसोबत आपलाच कबुलीजबाब लिहून दिला होता. वर जन्मवर्षासकट आमची यादीही. पाहणी त्याच यादीवरून सुरू झाली. पिंपाआधीचे किती आजारी, पिंपानंतरचे किती, पिंप न मिळालेल्या गल्लीतले किती, असं घरोघर जाऊन मोजताहेत. निकाल काय येईल ते मला ठाऊक नाही, आणि तो येण्याआधी मी छाती ठोकणार नाही. छाती ठोकणारे आम्ही पुरेसे पाहिले.

धाकटीच्या किडन्यांचं निम्म्याहून थोडं जास्त काम वाचलं. गेलेलं परत येत नाही. अकरा आठवडे गोळ्या बंद होत्या, त्या अकरा आठवड्यांची ही किंमत. बाबांच्या खटल्याच्या प्रत्येक तारखेला मी कामावरून सुट्टी काढून जाते, पहिल्या रांगेत बसते आणि दोन्ही प्लास्टरचे पाय मांडीवर घेते. बाबा माझ्याकडे बघत नाहीत. मी मात्र बघते.

आणि तुम्हाला एकच सांगणं आहे. तुमचं दुखणं खरं असतं. ते कुठून आलं याचा तुमचा संशयही खरा असू शकतो. पण दुखण्याचं कारण ओळखणारा प्रत्येक जण त्याचा वैद्य नसतो, आणि गोळ्या बंद करा म्हणणारा तर कुणाचाच नसतो. कुणी तुमच्या अंगातलं काही काढून दाखवायला लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका आणि माझ्यावरही ठेवू नका. तेच पाणी, तीच पूड, तेच हात. फक्त पाय बाहेर ठेवा, आणि मग पाण्याकडे बघा.